प्रशांतचा मंगळवार

१

आमच्या घरात दोन घड्याळं आहेत. एक टीव्हीच्या वर, ते आपल्या वेळेचं. दुसरं देवघराच्या दाराशेजारी, ते प्रशांतच्या वेळेचं. गवंड्यानं तिथला खिळा इतका उंच ठोकलाय की स्टुलावर चढल्याशिवाय त्या घड्याळाला हात लागत नाही.

प्रशांतकुमार माझा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर खलाशी आहे. आमच्या खटकचिंचोळी गावातून कुठलाही समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. तिथला पोरगा खलाशी कसा झाला, तर उदगीरच्या एका मित्राला सोबत म्हणून भरतीला गेला, मित्र नापास झाला आणि हा पास. मी नेत्रावती, त्याची थोरली बहीण. भालकीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. माझं लग्न झालेलं नाही, त्याची कारणं या गोष्टीत येत नाहीत. आमचे वडील, अप्पा, जाऊन सहा वर्षं झाली. घरात आमची आई, म्हणजे अव्वा, प्रशांतची बायको सौम्या आणि मी.

दुसरं घड्याळ अव्वाच्या हट्टानं आलं. “माझं लेकरू आता जेवायलंय का झोपलंय, येवढं तर कळू दे मला,” म्हणाली. घड्याळाच्या बरंच खाली, तिच्या हाताला येईल असं, तिनं एक कॅलेंडर टांगलं. रोज एक पान फाडायचं असतं ना, तसलं. शेजारी अप्पांचा काचेच्या चौकटीतला फोटो. प्रशांतच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजले की अव्वा पान फाडायची. आपल्याकडं तेव्हा दुपार असो नाहीतर संध्याकाळ, तिच्या लेकराचा दिवस संपलेला असायचा.

प्रशांतची पाळी रात्री आठ ते बारा. जहाजाच्या सगळ्यात वरच्या खोलीत उभं राहून अंधारात पुढं बघत राहायचं, दिवे दिसतात का ते सांगायचं. बारा वाजता पाळी संपली की तो चार लोखंडी जिने उतरून आपल्या केबिनमध्ये यायचा आणि आमच्या ‘घर’ नावाच्या ग्रुपवर एकच शब्द टाकायचा, “उतरलो.” इंटरनेट मोजकं मिळायचं, म्हणून एकच शब्द. पण बारा वाजून पाच मिनिटांच्या आत तो आला नाही असं कधी झालं नव्हतं. अव्वाचं पान फाडणं आणि फोनची टिंग, दोन्ही एका दमात व्हायचं.

२

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सौम्याला मुलगी झाली. सौम्याला आई नाही, त्यामुळं पहिलं असूनही बाळंतपण आमच्याकडंच होतं. घरात इतकी वर्षं रडायलासुद्धा लहान कुणी नव्हतं. अव्वा गुडघे विसरून घरभर फिरू लागली. शेजारच्या बाणूबाई सकाळ-संध्याकाळ बाळाला न्हाऊ घालायला यायच्या. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता शेती आहे. बाळाला पायांवर घेऊन त्या म्हणायच्या, “कोकरू परवडलं, हे लई आवाज काढतंय.”

त्याच रविवारी प्रशांतचं जहाज कॅनडातून गहू भरून जपानकडं निघालं. जहाज पश्चिमेला जाऊ लागलं की दर दोन दिवसांनी घड्याळ एक तास मागं घ्यावं लागतं. प्रशांत कळवायचा, “आज एक तास मागं.” मी शाळेतून आल्यावर स्टुलावर चढून काटा मागं फिरवायची. वहीत चुका तपासाव्यात तसं ते माझ्या अंगवळणी पडलं होतं.

तिसऱ्या वेळेला असं झालं, की मी भालकीहून आले, चहा घेतला, फोनवर त्याचा निरोप वाचला आणि स्टूल ओढलं. वर हात नेला तर घड्याळ आधीच तासभर मागं होतं.

“अव्वा, घड्याळाला हात कुणी लावला?”

“कोण लावतंय गं? मी चढायली का त्या ठोकळ्यावर?”

सौम्या बाळंतिणीच्या खोलीत होती. बाणूबाईंना ते घड्याळ कशाचं आहे हेही नीट माहीत नव्हतं. सेल उतरला असेल म्हणावं, तर सेल उतरलेलं घड्याळ मिनिटामिनिटानं मागं पडतं, बरोबर साठ मिनिटं मागं पडून पुन्हा नीट चालत नाही. मग सकाळी घाईत मीच केलं असेल, असं मी ठरवलं. निरोप तर दुपारी आला होता. पण मी ठरवलं.

३

बारसं बाराव्या दिवशी, मंगळवारी धरलं होतं. आदल्या रविवारी प्रशांतचा फोन आला. आवाज तुटत होता, पण हसणं पोचत होतं.

“अक्का, एक गंमत सांगू का? कॅप्टन म्हणायलाय, सोमवार संपला की एकदम बुधवार लावायचा. मधला मंगळवार कटाप.”

“तारीख-रेषा ओलांडणार तुम्ही.”

“व्हय. पोरीच्या बारशाला मी सुट्टीत तर न्हाईच, आता तारखेत बी न्हाई.”

हसतच म्हणाला तो.  मग म्हणाला, “नाव फक्त तुला सांगून ठेवतो. तुझ्याशिवाय कुणाला सांगू नको. कानात सांगताना नीट सांग, घाई करू नको.”

फोन झाल्यावर अव्वानं मला स्वयंपाकघरात धरलं. बाणूबाई तिथंच बारशासाठी भोपळा घेऊन आल्या होत्या. सौम्या बाळाला घेऊन दारात टेकली होती.

“सारखं तास-तास मागं जायलाय त्यो,” अव्वा म्हणाली. “असं करत करत कालच्याला जाऊन पोचतोय का काय?”

माझ्या नववीच्या वर्गात इतका चांगला प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. मी भोपळा घेतला, खडूनं त्यावर एक उभी रेघ ओढली.

“तेच होऊ नये म्हणून ही रेषा. पश्चिमेला जात राहिलं की घड्याळ मागं मागं घ्यावं लागतंय. पृथ्वीची अख्खी फेरी केली तर पुरते चोवीस तास मागं. म्हणजे घरी आलेला माणूस म्हणणार आज सोमवार, आन् घरचे म्हणणार मंगळवार. म्हणून भर समुद्रात, जिथं कुणी राहत न्हाई, तिथं ही रेषा धरलीय. पश्चिमेला जाताना ती ओलांडली की एक तारीख सोडून द्यायची. उलट, पूर्वेला जाताना ओलांडली की तीच तारीख पुन्हा एकदा घ्यायची.”

“मंग सोडलेला वार जातो कुठं?” बाणूबाईंनी विचारलं.

“कुठं जात न्हाई. नुसतं नाव सोडायचं असतंय, वेळ न्हाई. आपल्याकडं मंगळवारी संध्याकाळी साडेपाच वाजतील तवा त्याच्या सोमवारचे रात्रीचे बारा वाजतील. पुढच्या मिनिटाला त्याचा बुधवार. आपला जीव जेवढा वेळ जगला तेवढाच त्याचाबी. एक मिनिट कमी न्हाई की जास्त न्हाई.”

“कुठंतरी जातच आसंल की,” बाणूबाई भोपळा उचलत म्हणाल्या. “येवढा मोठा वार. फेकला म्हून काय झालं.”

आम्ही सगळ्या हसलो. सौम्या बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत हसत होती. आणि त्या हसण्यातच मला भिंतीतून आवाज आला. लोखंडी पायरीवर बूट पडावा तसा. एक, मग दुसरा, मग तिसरा. थांबला.

आमच्या घराला लोखंडी जिना नाही. आजूबाजूला कुणाच्याच नाही. टाकीवर कुणीतरी चढलं असेल म्हणून मी बाहेर जाऊन पाहिलं. टाकीवर एक कावळा बसला होता.

४

मंगळवार उजाडला तो गोंगाटातच. सकाळी जंगमस्वामी येऊन बाळाच्या गळ्यात लिंग बांधून, विभूती लावून गेले. दुपारी गव्हाची गोड हुग्गी शिजली, पुरणाच्या पोळ्या झाल्या, घुगऱ्यांचा हंडा भरला. हरभऱ्याची काढणी चालू होती तरी बायका शेतातून लवकर परतल्या. साडेचार-पाचला आमची बैठकीची खोली अशी भरली की पाय ठेवायला जागा उरली नाही. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली रांगोळी. खिडकीतून पिवळं ऊन आत आलेलं. कानडी आणि मराठी एकमेकांत मिसळून, कोण कुणाशी कशात बोलतंय ते कळेनासं झालं होतं.

सौम्या हिरव्या साडीत बसली होती. सगळ्या तिला चिडवत होत्या. नवरा बाळाला बघायच्या आत बाळ चालायला लागेल, कोण गं हे काका म्हणेल. सौम्या हसून वेळ मारून नेत होती, आणि मान खाली घातली की पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

साडेपाच वाजले. प्रशांतच्या घड्याळात दोन्ही काटे बारावर आले. अव्वा गर्दीतून वाट काढत कॅलेंडरकडं गेली आणि तिनं सोमवारचं पान फाडलं. खाली मंगळवार दिसला.

“दोन पानं फाड, अव्वा,” मी जवळ जाऊन हळूच म्हटलं. “त्याचा आता बुधवार लागला.”

“न्हाई फाडत.”

“अगं पण…”

“माझ्या नातीच्या बारशाचा दिवस हाय. त्यो फाडून टाकू मी?” ती माझ्याकडं बघून हसली. लहान पोरीसारखी, चोरी करताना सापडल्यासारखी. “त्याच्या कॅप्टनला काय करायचं ते करू दे. माझ्या भिंतीवर त्याला मंगळवार हाय. बारसं होऊ दे, मंग फाडीन.”

मला हसू आलं. भूगोलाच्या बाईनं अशा वेळी काय बोलावं? बाणूबाईंनी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि गाणं सुरू केलं.

५

गेले तीन दिवस बाळ पोटदुखीनं सारखं रडत होतं. पाळण्यात ठेवल्यावर ते एकदम गप्प झालं. डोळे उघडून वर बघू लागलं आणि त्याची नजर हळूहळू सरकत गेली, पाळण्याच्या डाव्या बाजूनं डोक्याकडं, जसं कुणी चालत यावं. मग ते हसलं.

“सटवाई हसवायलीय,” कुणीतरी म्हणालं, आणि बायका कौतुकानं पुढं वाकल्या.

बारा दिवसांचं मूल कुणाला बघून हसत नाही, हे मला माहीत आहे. स्नायू ओढले जातात, हसल्यासारखं दिसतं. तेच असणार, असं म्हणत मी पुढं झाले. आत्या मी, नाव मी ठेवायचं. चौघी-पाचजणींनी पाठीवर थापा मारायला हात उगारले होते, हसाहशी चालली होती. मी वाकले, बाळाच्या उजव्या कानाशी ओठ नेले.

तेवढ्यात मला वास आला. डिझेलचा, मिठाचा, आणि खाली थंडगार लोखंडाचा. पाळण्याच्या पलीकडं कुणीही नव्हतं, तिथं भिंत होती. पण माझ्यासमोर, माझ्याइतकंच खाली, कुणीतरी वाकलेलं आहे असं मला वाटलं. बाळाच्या डाव्या कानावर मऊ काळी लव होती. ती हलली. थांबली. पुन्हा हलली, कुणीतरी शब्दाशब्दानं बोलावं तशी.

मी घाई केली नाही. “शिवलीला,” मी म्हटलं, आणि मला पक्कं कळलं की मी एकटीनं म्हटलेलं नाही.

पाठीवर थापा पडल्या, सगळ्या हसल्या, घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. मी पाळण्याची कड धरून उभी राहिले. पण खोली इतकी आनंदात होती की सांगू कुणाला? अव्वा टाळ्या वाजवत होती. अप्पा गेल्यानंतर टाळ्या वाजवताना मी तिला पहिल्यांदा पाहत होते. बाणूबाई गाण्यात स्वतःच्या ओळी घालत होत्या, त्यात जहाज होतं, मेंढरं होती, कॅप्टनला शिव्या होत्या.

मी सौम्याकडं पाहिलं. ती मान किंचित कलती करून बसली होती, खांद्यावर कुणाचा हात असावा तशी. पदर सरकला होता, तो कुणीतरी नीट केल्यासारखा आपोआप वर आला. ती लाजली. मग तिचं माझ्याकडं लक्ष गेलं, तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

“अक्का, कुणाला सांगू नका,” ती कानात म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिच्याकडं बघवेना. “ते आलेत.”

“सौम्या, तो जहाजावर हाय.”

“आसू दे की,” ती म्हणाली. “इथं बी हायत.”

तेव्हा मला फोन आठवला.

६

फोनवर काही आलेलं नव्हतं. सहा वाजायला पाच मिनिटं होती. प्रशांतच्या घड्याळात बारा पंचवीस.

मी अंगणात जाऊन उभी राहिले, तिथं नेटवर्क चांगलं येतं. ‘घर’ ग्रुप उघडला. शेवटचा शब्द कालचा, “उतरलो.” मी लिहिलं, “प्रशांत, उतरलास का?” एक बारीक खूण उमटली, दुसरी उमटेना. मी फोन लावला. लागला नाही.

इंटरनेट संपलं असेल. झोपला असेल. बारशाला नाही म्हणून मन खट्टू झालं असेल. मी एकेक कारण मांडत होते आणि एकेक कारण ठीकही होतं. पण त्याचबरोबर मला दिसत होतं ते फेब्रुवारीतलं उत्तरेचं पाणी, बर्फानं निसरडे झालेले लोखंडी जिने आणि अंधारात पडलेला माणूस, ज्याची पाळी संपलेली असल्यामुळं सकाळपर्यंत त्याला कुणी शोधणार नाही. जो माणूस आत वाकून आपल्या लेकीच्या कानात नाव सांगतोय, तो त्या वेळी तिथं कुठं असेल?

सहा वाजले. सहा वाजून पाच. मी आत गेले.

आत सगळ्या जेवायला बसत होत्या. एकमेकींना हुग्गीचा आग्रह चालला होता. मी गर्दीतून सरळ कॅलेंडरपाशी गेले. मंगळवारचं पान पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं. मी त्याचा कोपरा धरला.

“अक्का.”

सौम्या माझ्यामागं येऊन उभी होती. तिला कसं कळलं, कुणास ठाऊक. हळू आवाजात म्हणाली, “नका. आजून थोडं. आताच घेतलंय त्यांनी पोरीला.”

“त्याचा निरोप आला न्हाई, सौम्या. पाऊण तास होत आला.”

 तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. ते तिला घालवताच येत नव्हतं. “पाच मिनिटं,” ती म्हणाली.

मी पाच मिनिटं दिली. आजही मला कळत नाही, मी दिली ती बरोबर की चूक. कोपरा धरून मी उभी राहिले आणि समोर अप्पांच्या फोटोच्या काचेत माझ्यामागची खोली दिसत होती. पिवळं ऊन, हलणाऱ्या साड्या, रिकामा पाळणा. पाळण्याच्या पलीकडं, भिंतीपाशी, नारिंगी रंगाची एक बाही, प्रशांतच्या जहाजावरच्या फोटोंत असते तशी. कोपरात वाकवलेला हात, आणि त्या हाताच्या पंजात बाळाचं डोकं, कधी मूल न घेतलेला माणूस घेतो तसं, फुटेल की काय अशा भीतीनं धरलेलं. वरचं काही दिसत नव्हतं. तिथं अप्पांचं कपाळ आणि विभूती आड येत होती. मी जरा बाजूला सरकले असते तर चेहरा दिसला असता.

मी सरकले नाही. मी पान फाडलं.

भिंतीतून बूट धडधडत खाली गेले. एक जिना, मग आणखी एक. त्याच क्षणी बाळ रडू लागलं. मी वळले तेव्हा ते अव्वाच्या मांडीवर होतं, आणि अव्वा त्याला थोपटत म्हणत होती, “आत्ता तर खेळायली होती गं, काय झालं?”

हातातला फोन टिंग वाजला. सहा वाजून बारा मिनिटं.

“उतरलो.”

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. बाणूबाईंनी माझ्यापुढं ताट ठेवलं, वर दोन पोळ्या जास्त वाढल्या आणि म्हणाल्या, “दिवसभर उभ्याच हाव तुमी, टीचरबाई. खावा आता.” मी खाल्लं. खूप भूक लागली होती मला. माझ्या भावाचा जीव शाबूत होता आणि पोळी तुपात निथळत होती. रडू आणि हसू एकदम आलं, ते मी घासाबरोबर गिळलं.

७

सौम्या माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. उलट त्या दिवसापासून घरातला आनंद ओसरलाच नाही. साधारणपणे कार्य झालं की घर दोन दिवस उदास वाटतं. आमचं वाटलं नाही. अव्वा भाकरी थापताना गाणं म्हणू लागली. शिवलीला रडायची, पण पाळण्यात ठेवली की आपोआप शांत व्हायची. सौम्या खोलीत दार लोटून बसायची, आणि आतून तिच्या बोलण्याचे, मध्येच खुदकन हसण्याचे आवाज यायचे. मी म्हणायची, फोनवर बोलत असेल. एकदा तिचा फोन बाहेर टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेला होता. मग मी म्हटलं, बाळाशी बोलत असेल.

प्रशांतशी त्या दिवसाबद्दल मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. जहाज जपानला पोचलं, गहू उतरवला, तो दुसऱ्या मालावर दुसरीकडं गेला. अव्वाचं कॅलेंडर रोज एक पान फाडत पुढं सरकत राहिलं.

जूनच्या शेवटी तो घरी आला.

८

रविवार होता, दुपारचा एक वाजला असेल. बीदरहून गाडी करून आला. सामान उतरवायच्या आधी त्यानं लेकीला घेतलं. चार महिन्यांची शिवलीला अनोळखी माणसाला बघून ओठ काढायची, पण त्याच्याकडं गेली ती नाक ओढायलाच लागली. अव्वानं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, सौम्या दारामागं उभी राहून हसत होती, बाणूबाई कुंपणावरून ओरडून चौकशा करत होत्या. तासभर घरात नुसता दंगा.

मग सौम्या लेकीला निजवायला मागच्या दारी झाडाखाली घेऊन गेली, अव्वा स्वयंपाकाला लागली, आणि आम्ही दोघं बाहेरच्या पायरीवर बसलो. प्रशांत वाळला होता. उन्हानं काळा पडला होता. 

“अक्का, बारशाच्या दिवशी मला काय झालं म्हाईत हाय का?”

“काय?”

“पाळी संपली, मी उतरायलो होतो. चार जिने, दोन मिनिटांचं काम. तिसऱ्या जिन्यावर एक दार हाय, ते कायम बंद असतंय. त्या दिवशी उघडं होतं. आतून पुरणाचा वास आला.” तो हसला. “मला वाटलं, झोप यायलीय. आत बगितलं तर आपलं घर. बायका, पाळणा, बाणूबाई गायलाली. तू तिकडं भिंतीला तोंड करून हुबी होतीस.”

मी त्याच्याकडं वळले. “आणि तू आत आलास.”

“न्हाई ना. मी दारातच होतो. पाय उचलंना.” त्यानं मान हलवली. “आत मी आधीच होतो, अक्का. पोरीला घिऊन हुबा होतो. सौम्या शेजारी. इतकं खुशीत मी मला कधी बगितलं न्हाई. लगीन झालं त्या दिवशी बी न्हाई. मला त्याचा हेवा वाटला बग. मंग कागद फाटल्यागत आवाज आला, दार बंद झालं, आन् मी पळतच खाली आलो. केबिनमधी घड्याळ बगितलं तर बारा बेचाळीस.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. 

“प्रशांत,” मी म्हटलं, “दार बंद झालं तेव्हा तो बाहेर आला का? तुझ्याबरोबर?”

“तेच मला तुला इचारायचं होतं.”

स्वयंपाकघरातून अव्वाची हाक आली. “प्रशांत, ताट वाढलंय रे, ये.”

“आलो गं अव्वा,” घरातून उत्तर गेलं.

आवाज त्याचाच होता. तोच, फक्त त्याहून कितीतरी आनंदी, जन्मभरात एकदाही घर न सोडलेल्या माणसाचा असावा तसा. आत अव्वा कशावर तरी खळखळून हसली.

प्रशांत माझ्या शेजारी पायरीवर बसला होता. त्याचं तोंड बंद होतं. तो माझ्याकडं बघत होता, आणि ताटाशी कुणीतरी पाट ओढून घेतल्याचा आवाज आम्ही दोघांनी मिळून ऐकला.